हेल्मेट घेऊन या, मग गॉगल बघू

दुचाकीवर घालायला गॉगल हवा म्हणून कुणी दुकानात आलं की आमच्याकडे पहिला प्रश्न फ्रेमचा नसतो, किमतीचाही नसतो. "राहायला कुठे आणि कामाला कुठे?" हा असतो. गिऱ्हाईक जरा चमकतं. पण पुण्यात या एका प्रश्नात निम्मं काम होऊन जातं. कोथरूड-वारज्यात राहून खराडीला किंवा मगरपट्ट्याला नोकरी करणारा माणूस सकाळी पूर्वेला निघतो आणि संध्याकाळी पश्चिमेला परततो, म्हणजे जातानाही सूर्य तोंडावर आणि येतानाही तोंडावर. उलट हडपसरला राहून हिंजवडी गाठणाऱ्याच्या दोन्ही वेळा सूर्य पाठीशी. त्याला वाटतं, आपल्याला उन्हाचा त्रासच नाही. पण समोरून येणाऱ्या गाडीवाल्याचे डोळे दिपलेले असतात आणि मागचं बघायला जावं तर आरसा नुसता चकाकतो. या दोघांना एकच काच देऊन भागत नाही.

दुसरा प्रश्न, "ऑफिस सुटतं किती वाजता?" डिसेंबरच्या सुरुवातीला पुण्यात सहाच्या आसपास सूर्य मावळतो, जूनअखेरीला सव्वासात होतात. साडेसहाला निघणारा माणूस हिवाळाभर अंधारातच गाडी चालवतो. सकाळी घातलेला काळा गॉगल तेव्हा डिकीत जातो आणि स्वारी उघड्या डोळ्यांनी घरी येते. चिलटं, धूळ, पुढच्या डंपरमधून उडणारी कच, हे सगळं त्या वेळीही असतंच, चिलटं तर त्याच वेळी जास्त. म्हणून आमच्याकडे दुचाकीवाल्याला आधी पांढरी, म्हणजे पारदर्शक काच दाखवतात आणि मग काळी. गॉगल घ्यायला आलेल्या माणसाला हे पटवणं या धंद्यातलं सगळ्यात अवघड काम, आणि माझ्या मते सगळ्यात गरजेचंही.

मी काउंटरवर क्वचित असतो. माझी जागा मागच्या खोलीत, ग्राइंडिंगच्या मशीनपाशी. पेठेतल्या जुन्या दुकानांची रचना ठरलेली: पुढे आरसे आणि फ्रेमच्या फळ्या, मागे फिटिंगची खोली, मध्ये एक पडदा. पुढचं बोलणं मागे सगळं ऐकू येतं. माझ्या आधी या खोलीत जे फिटरकाका होते, त्यांच्या हाताखाली मी शिकलो. ते फार बोलायचे नाहीत, पण एखाद्या गिऱ्हाइकाचं म्हणणं खटकलं की हातातली लेन्स खाली ठेवून पडदा सारून बाहेर यायचे.

एकदा असेच आले. कोथरूडचे एक निवृत्त गृहस्थ काउंटरवर तावातावाने बोलत होते. उन्हात आपोआप काळी होणारी, ज्याला बाजारात डे-नाइट म्हणतात ती फोटोक्रोमिक लेन्स त्यांनी करून घेतली होती. "अहो, तळजाईवर फिरायला गेलो की काळी होते. स्कूटरवर बसलो की पांढरीच्या पांढरी! एवढे पैसे मोजून मला अर्धवट माल दिलात तुम्ही." काउंटरवरचा मुलगा लेन्स उलटसुलट करून बघत होता. काकांनी एवढंच विचारलं, "साहेब, हेल्मेट आणलंय का?"

हेल्मेट स्कूटरला अडकवलेलं होतं. काकांनी ते मागवलं, चष्मा घेतला आणि दुकानाच्या पायरीवर उन्हात ठेवला. हेल्मेटची पारदर्शक काच अशी खाली ओढली की चष्म्याची उजवी बाजू तिच्याखाली झाकली जाईल आणि डावी उघडी राहील. "दोन मिनिटं थांबू." तेवढ्यात चहा आला. चहा होईपर्यंत डावी काच काळपट झाली होती आणि उजवी जवळजवळ होती तशीच. गृहस्थ पायरीवर वाकून बघत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे काच बरोबर आहे, हेल्मेट आड येतंय."

तसंच आहे ते. फोटोक्रोमिक काच डोळ्याला दिसणाऱ्या उजेडाने काळी होत नाही, तिला मुख्यतः अतिनील किरण लागतात. १९६४ मध्ये कॉर्निंग कंपनीने असली पहिली काच आणली तेव्हा काचेत चांदीचे क्षार होते, आजच्या प्लॅस्टिक लेन्समध्ये वेगळी रंगद्रव्यं असतात, पण दोन्ही जाग्या होतात अतिनील किरणांनीच. आणि हेल्मेटची काच असते पॉलिकार्बोनेटची, ती हे किरण बहुतांशी अडवून टाकते. मग आतली लेन्स काळी होणार कशी? गृहस्थांना काकांनी सांगितलं की तळजाईला हाच चष्मा घाला आणि स्कूटरवर हेल्मेटची काच खाली ठेवा, अतिनीलपासून डोळे त्यातच सांभाळले जातात. त्यांना ते पटलं. जाताना त्यांनी काउंटरवरच्या मुलाची पाठ थोपटली, तेही लक्षात आहे.

काच न लावता उघड्या हेल्मेटने फिरणाऱ्याला या लेन्सचा उलटाच धोका. ती काळी पटकन होते, पण पांढरी व्हायला काही मिनिटं घेते. साताऱ्याहून पुण्याकडे येताना रणरणत्या उन्हातून खंबाटकीच्या बोगद्यात शिरलात की लेन्स काळीच राहते आणि डोळे अंधाराला सरावायच्या आत बोगदा संपतो. नवीन कात्रज बोगद्याचंही तेच. कायम काळ्या असलेल्या गॉगलला हे आणखी लागू आहे. बोगद्याची पाटी दिसली की वेग कमी करायचा, हे आम्ही घाटाकडे जाणाऱ्या प्रत्येकाला सांगतो.

आता काळ्या रंगाबद्दल. "एकदम काळा करा, समोरच्याला डोळे दिसले नाही पाहिजेत," ही मागणी पडद्यामागे कशी पोचते ते सांगतो. नेहमीच्या प्लॅस्टिक लेन्सला, म्हणजे सीआर-३९ ला, रंग देतात तो अक्षरशः भिजवून. स्टीलच्या भांड्यात रंगाचं पाणी नव्वद अंशांच्या आसपास तापवायचं, लेन्स चिमट्यात धरून आत सोडायची. थोडा वेळ ठेवली की फिकी, जास्त वेळ ठेवली की गडद. वरून काळी आणि खाली फिकी हवी असेल तर चिमटा सावकाश वर-खाली करत राहायचं. हे काम मन लावून करावं लागतं, दोन्ही डोळ्यांच्या लेन्स सारख्या उतराव्या लागतात. पण एक गोष्ट ध्यानात घ्या: या भांड्यातला रंग उजेड कमी करतो, अतिनील किरण अडवायचं काम वेगळंच आहे. ते लेन्सच्या मूळ पदार्थावर आणि त्यात घातलेल्या किंवा वर चढवलेल्या द्रव्यावर अवलंबून असतं. गडद काच लावली की बाहुली मोठी होते. त्यात काच अतिनील अडवत नसेल तर उघड्या डोळ्यापेक्षा जास्त किरण आत जायची शक्यता. काळेपणाच्या जोरावर निर्धास्त होणं म्हणूनच वाईट.

आंतरराष्ट्रीय मानकांत गॉगलच्या काचेच्या ० ते ४ अशा पाच श्रेण्या आहेत. तिसऱ्या श्रेणीची काच ८ ते १८ टक्के उजेड आत सोडते, ती आपल्या एप्रिल-मेच्या उन्हाला ठीक. चौथ्या श्रेणीची फक्त ३ ते ८ टक्के सोडते. ती बर्फाळ डोंगरासाठी आहे, वाहन चालवताना घालायची नाही, असं मानकातच म्हटलंय. आणि ज्या काचेतून ७५ टक्क्यांपेक्षा कमी उजेड येतो ती रात्री गाडीवर चालत नाही. "डोळे दिसले नाही पाहिजेत" म्हणणाऱ्याला आम्ही ही श्रेणी दाखवतो आणि गाडीवर घालणार असाल तर करून देणार नाही असं स्पष्ट सांगतो. काही रागावून दुसऱ्या दुकानात जातात. जाऊ द्यात.

अतिनील खरंच अडतं का, हे बघायची एक घरगुती चाचणी आहे आणि बाजारात ती फार चालते. जांभळ्या प्रकाशाची छोटी बॅटरी नोटेवर मारायची. आपल्या नोटेवर क्रमांकाची शाई आणि सुरक्षा धागा चमकतो. मध्ये गॉगलची काच धरली आणि चमक गेली तर काच किरण अडवते. चाचणी ढोबळ आहे, कारण स्वस्त बॅटऱ्यांचा प्रकाश अगदी ४०० नॅनोमीटरच्या काठावरचा असतो. पण मला तिचा उपयोग वेगळ्याच कारणासाठी आवडतो. चारशेपर्यंतचं सगळं अडवणारी पूर्ण पांढरी लेन्स मध्ये धरून दाखवली आणि नोटेची चमक गेली, की समोरचा माणूस गप्प होतो. काळ्या रंगाशिवायही हे जमतं, हे त्याला स्वतःच्या डोळ्यांनी दिसलेलं असतं.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. फर्ग्युसन रस्त्यावर, तुळशीबागेत, कॅम्पातल्या फॅशन स्ट्रीटवर मिळणारे सगळेच गॉगल विषासमान आहेत असं दुकानदार म्हणतात, ते खरं नाही. त्यातल्या कित्येकांची लेन्स अतिनील बऱ्यापैकी अडवते. खोट असते ती काचेच्या लहरीत आणि ठिसूळपणात. हातभर लांब धरून त्यातून दाराची चौकट बघा आणि गॉगल हळू बाजूला सरकवा. चौकट वाकडी झाली, लाटेसारखी हलली, तर तो गॉगल गाडीवर नको. तासभर तसल्या काचेतून बघितलं की डोकं चढतं आणि पुढच्या गाडीचं अंतर चुकतं. ठिसूळपणा तर दिसतही नाही. ॲक्रिलिकची लेन्स फुटली की तिचे टोकदार तुकडे होतात, आणि तुकड्यांच्या मागे बोटभर अंतरावर डोळा असतो.

आमच्या खोलीतल्या खणात एक जुनी लेन्स आहे. डावी, पॉलिकार्बोनेटची. बाहेरच्या कोपऱ्याकडे तांदळाच्या कणीएवढा पांढरा खड्डा आहे आणि त्याच्याभोवती बारीक धुरकट कडं. द्रुतगती महामार्गावर दुचाकीला बंदी, त्यामुळे लोणावळ्याला जाणारे सगळे जुन्या मुंबई रस्त्यानेच जातात. तिथे कामशेतच्या अलीकडे डंपरच्या मागे असताना ही खूण पडली. स्वार भुवईखाली थोडं खरचटून घरी आला आणि दुसऱ्या दिवशी "काच बदलून द्या" म्हणून दुकानात. काकांनी काच बदलली आणि जुनी मागून घेतली. लेन्समधून उजेडाकडे बघितलं तर खड्डा निम्म्या जाडीपर्यंतच गेलेला दिसतो, पलीकडची बाजू गुळगुळीत आहे. मी ती बऱ्याच जणांच्या बोटाला लावून दाखवली आहे.

पॉलिकार्बोनेट १९५३ मध्ये जर्मनीत बायर कंपनीच्या हेर्मान श्नेल यांनी आणि जवळपास त्याच वेळी अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या डॅनियल फॉक्स यांनी शोधलं. आमच्या खोलीत ते हट्टी म्हणून ओळखलं जातं. बाकीच्या लेन्स पाण्याखाली घासल्या जातात, ही बहुतेक मशीनवर कोरडी घासायची. भुगा पडत नाही, कुरळ्या सालपट्या निघतात आणि चाकाला चिकटतात. पण मार सोसण्यात तिला तोड नाही. युरोपच्या ईएन १६६ मानकात ज्या चष्म्याच्या अंगावर एफ अक्षर असतं, त्यावर ६ मिलिमीटर व्यासाची पोलादी गोळी सेकंदाला ४५ मीटर वेगाने मारून बघतात. म्हणजे ताशी १६२ किलोमीटर. अमेरिकेच्या झेड ८७ मानकात अधिक चिन्ह असेल तर चाचणी जवळपास तेवढीच कडक. ही अक्षरं काडीच्या आतल्या बाजूला कोरलेली असतात. गिऱ्हाईक मात्र काडीच्या बाहेरच्या बाजूचं कंपनीचं नाव वाचतं.

हिचा एक शत्रू आहे, पेट्रोल. चांदणी चौकाच्या बाजूने रोज येणारा एक मुलगा हेल्मेट घेऊन आला, "काका, काचेतून रात्री काही दिसत नाही, नंबर वाढला असेल." नंबर तपासला, होता तेवढाच. हेल्मेटची काच उजेडात धरली तर सगळीकडे केसासारख्या बारीक भेगांची जाळी. गॅरेजमध्ये गाडी धुताना त्याने ग्रीसचा डाग पेट्रोलच्या फडक्याने पुसला होता. थिनर, ॲसिटोन, पेट्रोल यांनी पॉलिकार्बोनेट असंच तडकतं आणि त्याची मारा सोसायची ताकदही जाते. नळाखाली धरायचं, साबणाचा थेंब लावायचा, बोटांनीच चोळायचं आणि मऊ कापडाने टिपायचं. कोरडी धूळ रुमालाने किंवा ओढणीने पुसली की गोल गोल चरे पडतात, आणि रात्री समोरच्या दिव्यांची किरणं त्या चऱ्यांवर फुटून सगळं दृश्य पांढरं होतं. हेल्मेटची काच सुटी मिळते आणि डोळ्यांच्या मानाने फार स्वस्त मिळते. चरे पडले की बदला.

पोलराइज्ड काचेचे किस्से तर वेगळी वहीच भरतील. ओल्या डांबरावरची किंवा मोटारीच्या बोनेटवरची चकाकी ती खाऊन टाकते, डोळ्याला इतकं शांत वाटतं की घातली की काढवत नाही. एका तरुणाने मोठ्या हौसेने घेतली आणि दोन दिवसांत परत आला: "मीटर बंद पडलं." सर्व्हिस सेंटरला जाऊन आला होता, तिथे मीटर व्यवस्थित चालू. गाडी दुकानासमोर लावायला सांगितली, गॉगल घालून मान तिरकी करायला लावली. मान सरळ असताना काळा दिसणारा पडदा मान कलली की उजळायचा. एलसीडी पडद्यातून येणारा प्रकाश मुळात एकाच दिशेचा असतो, गॉगलची दिशा त्याला आडवी गेली की पडदा गायब. मोबाइलवर नकाशा लावून चालवणाऱ्यांनाही हा अनुभव येतो. म्हणून घेण्याआधी स्वतःच्या गाडीवर बसून, मीटर चालू करून बघावं.

त्यात अजून एक. पोलराइज्ड गॉगलवर हेल्मेटची काच खाली ओढली की कधीकधी इंद्रधनुष्यासारखे पट्टे दिसतात. काच साच्यात दाबून बनवताना तिच्यात जो ताण राहतो, तो त्या पट्ट्यांतून दिसत असतो. आम्ही फिटर लोक हेच उलट वापरतो. दोन पोलराइज्ड पत्र्यांमध्ये चष्मा धरून बघायचा, लेन्स फ्रेममध्ये जास्त आवळली गेली असेल तर कोपऱ्यात उजळ पट्टे उठतात. मग लेन्स काढून कड थोडी उतरवायची. हे न करता डिलिव्हरी दिली तर कोट तडकतो. गाडीवर मात्र माझं मत साध्या, पोलराइज्ड नसलेल्या काचेच्या बाजूने आहे. पावसाच्या पहिल्या सरीनंतर रस्त्यावर तेलाचा तवंग असतो, तो त्याच्या चकाकीवरूनच ओळखू येतो. ती चकाकीच पुसून टाकली तर चाक घसरेपर्यंत कळत नाही. मोटारीत बसणाऱ्याने खुशाल घ्यावी.

रंगात करडा सगळ्यात सुरक्षित, सिग्नलचे रंग त्यात बदलत नाहीत. तपकिरीत खड्डे जरा उठून दिसतात. निळे-गुलाबी सोडून द्या. आणि "नाइट ड्रायव्हिंग" म्हणून विकले जाणारे पिवळे चष्मे घेऊ नका. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या शेपेन्स संस्थेच्या संशोधकांनी ड्रायव्हिंग सिम्युलेटरवर तपासलं, तेव्हा समोरच्या दिव्यांच्या झगझगाटात पादचारी ओळखायला पिवळ्या काचेची काही मदत झाली नाही.

१ जानेवारी २०१९ पासून पुण्यात पोलिसांनी हेल्मेटची कारवाई कडक केली तेव्हा शहरात मोर्चे निघाले, कृती समिती उभी राहिली, ते सगळ्यांना आठवत असेल. आमच्या खोलीत त्याचा वेगळाच पडसाद उमटला: मोडलेल्या काड्या. चष्मा घालून वरून हेल्मेट कोंबायचं आणि तसंच ओढून काढायचं, की काडी जॉइंटपाशी गेलीच. तेव्हापासून काकांनी नियम केला की दुचाकीसाठी चष्मा किंवा गॉगल हवा असेल तर हेल्मेट घेऊन या, मग बघू. आरशासमोर छान बसणारी जाड, वळणदार काडी हेल्मेटच्या आत कानशिलावर अशी दाबते की अर्ध्या तासात डोकं दुखायला लागतं, आणि माणूस दोष हेल्मेटला देतो. बारीक, सरळ, पातळ काडी हवी. आधी हेल्मेट, मग कानशिलाशी समांतर सरकवत चष्मा. काढताना उलट क्रम. काउंटरवर हेल्मेट घालून बसलेलं गिऱ्हाईक बघून येणारे-जाणारे थबकतात, पण फिटिंग तसंच करायला हवं. हेल्मेट घातल्यावर गालाच्या गाद्या चष्मा वर ढकलतात, नंबरचा मध्य सरकतो. १ जून २०२१ पासून दुचाकीचं हेल्मेट आयएसआय चिन्हाशिवाय बनवायला-विकायला मनाई आहे, तेवढंही बघून घेतो. पुढ्यात असतंच ते.

जाड नंबरवाल्या मुलांना डोळ्यांना वेढणारी गोल वळणाची फ्रेम हवी असते. पाच-सहा नंबर असलेल्याला ती द्यायला मी तयार होत नाही. एवढ्या वळणावर नंबर बसवला की कडेचं सगळं खेचल्यासारखं दिसतं, आणि दुचाकीवाल्याला कडेनेच तर पीएमपीची बस येते. साधा चष्मा आणि पुढे हेल्मेटची स्वच्छ काच, हेच त्यांना उत्तम.

मुलींचा स्कार्फ हा पुण्याचा खास विषय. धुळीवर आणि उन्हावर त्यांनी स्वतःच काढलेला तोडगा आहे तो आणि मला त्याबद्दल आदर आहे. पण तक्रार एकच: "काका, सिग्नलला थांबलं की चष्म्यावर वाफ." नाकावरून घट्ट बांधलेल्या कापडातून श्वास वरच्या फटीतून निघतो आणि सरळ काचेच्या आत जातो. पावसाळ्यात आणि थंडीच्या सकाळी काच गार असते, तिथे लगेच धुकं धरतं. कापडाची वरची कड चष्म्याच्या नाकपट्टीखाली नीट दाबून घेतली की श्वास खालून निघतो. नोजपॅड किंचित बाहेर वळवून काच चेहऱ्यापासून थोडी पुढे आणली तर वारं खेळतं. हे आम्ही उभ्या उभ्या करून देतो, त्याचे पैसे घेत नाही. हेल्मेटच्या काचेला आतून पिनलॉकचा जादा पापुद्रा बसवता येतो, दोन काचांमधल्या हवेमुळे आतली बाजू गार पडत नाही. ज्याच्या हेल्मेटला ती सोय आहे त्याने जरूर बसवावा.

फेब्रुवारी २०२४ मध्ये केशवनगर-खराडीच्या बाजूला मुळा-मुठेवर डासांचे उंचच उंच खांब उठलेल्या चित्रफिती देशभर फिरल्या. नदीकाठच्या लोकांना संध्याकाळच्या या थव्यांचं नवल नव्हतं. दिवाळीच्या सुमारास तुडतुडे दिव्यांवर येतात, त्यांचंही तसंच. ताशी ६० किलोमीटर वेगाने तुम्ही सेकंदाला जवळपास १७ मीटर पुढे जाता. एका डोळ्यात काही गेलं की दोन्ही डोळे मिटतात, ते आपल्या हातात नसतं. दोन सेकंद मिटले तर ३३ मीटर गाडी कुणीच चालवत नसतं. बारा मीटरच्या जवळपास तीन बस एकामागे एक लावाव्यात एवढं अंतर. डोळ्यात कण गेला तर चोळू नका, गाडी बाजूला घ्या, स्वच्छ पाण्याने धुवा. तरी टोचत राहिलं तर थेट नेत्रतज्ज्ञाकडे जा. लोखंडाचा कण बुबुळावर रुतला तर गंजाचं कडं धरतो. तो मित्राकडून रुमालाच्या टोकाने काढून घ्यायचा प्रकार नाही.

शर्यतीतले लोक याबाबत आपल्यापेक्षा फार पुढे आहेत. २८ जानेवारी २०२४ ला बालेवाडीच्या श्री शिवछत्रपती क्रीडासंकुलात इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीगची पहिलीवहिली फेरी झाली. मातीवरच्या अशा शर्यतींत स्वारांच्या गॉगलवर पातळ पारदर्शक पापुद्र्यांची चळत चढवलेली असते. माती उडून दिसेनासं झालं की वरचा पापुद्रा उपटून टाकायचा, खाली स्वच्छ काच तयार. उपटायचा तो डाव्या हाताने, कारण उजवा थ्रॉटलवर. शर्यत सुरू व्हायच्या आधी एकेका पापुद्र्याचं टोक नीट दुमडून ठेवायचं, म्हणजे एक ओढताना दोन येत नाहीत. हे काम मागे, तंबूत, शांतपणे करावं लागतं. आमच्या खोलीतल्या माणसाला ते बघायला उड्यांपेक्षा जास्त आवडेल. जिथे काळ्या काचेची गरज नसते तिथे हे लोक पांढरीच लावतात.

आणि ज्यांना दुकानातलं काही परवडत नाही त्यांचं काय? जेवणाचे डबे पोचवणारी मुलं, पहाटेचे दूधवाले, वर्तमानपत्रवाले. दिवसाचे दहा-बारा तास रस्त्यावर असतात ते, खरी गरज त्यांनाच. त्यांना काका चिठ्ठीवर पत्ता लिहून द्यायचे, रविवार पेठेतल्या बोहरी आळीचा. तिथे हत्यारांच्या दुकानांत कारखान्यातल्या कामगारांसाठीचे पांढरे सुरक्षा-चष्मे शंभर-दोनशे रुपयांत मिळतात, बाजूच्या पट्ट्यांसकट. चष्म्यावरून घालायचेही मिळतात. मी आजही तिथेच पाठवतो. फक्त सांगतो की काडीच्या आत अक्षरं कोरलेली बघून घे, ईएन १६६ आणि एफ, किंवा झेड ८७ आणि अधिक. घेतल्यावर इकडे आण, काडी गरम करून कानामागे वळवून देतो, म्हणजे वाऱ्याने उडणार नाही.